नागपंचमीची सुई
माझी लेक उर्जा जर्मनीत कार्ल्सरूहेला सापाच्या विषावर संशोधन करते. ब्राझीलचा साप, डोळ्यापुढच्या खड्ड्यानं ऊब हेरतो. तिच्या हाताची हेरली अन् डसला. मांस सडलं, करंगळी कापावी लागली. तिला गावी न्यायला आलो, तर पोरगी चामडी हातमोजा पुढं करते. “बाबा, हे रिकामं बोट अडकतं. शिवून बंद करा.” “परत सापच धरणार?” “गेनाऊ! अगदी तेच! मांस का सडतं, तेच शोधतेय. आता सोडलं तर बोट फुकटच गेलं की!” मी हाडाचा शिंपी. सुई काढली, तशी व्हिडिओ कॉलवर बघत असलेली बायको ओरडली, “अहो, आज नागपंचमी! नागाला टोचेल!” उभ्या आयुष्यात या दिवशी सुई धरली नव्हती. “टोचू दे,” म्हटलं. “सापानं पाळलं का? सगळं आपणच पाळायचं काय?” रेटून टाके घातले, दातानं दोरा तोडला. उर्जानं हातमोजा चढवला. “येते, बाबा.” “ये. आईला मी बघतो.”