शेवटच्या घरची जुडी

“एकही फूल वेलीवर ठेवायचं नाही. सकाळी खुडायची, जुड्या बांधायच्या, गल्लीत दारोदार द्यायच्या. आणि घर एकही चुकवायचं नाही. हा माझा नेम आहे. मी परत येईपर्यंत तुझा.”

मोडलेला पाय सावरत, दवाखान्याच्या गाडीत बसता बसता थोरल्या जाऊबाईंनी एवढंच सांगितलं होतं. धाकटी ‘हो’ म्हणाली होती.

आज ती कुंपणाशी वाकून बघत होती. कुंपणभर चढलेल्या स्वीट पीच्या, वाटाण्यासारख्या दिसणाऱ्या वेलीवर फुलं तुरळक होती आणि नवी कळी शोधावी लागत होती. खालची पानंही पिवळी पडली होती. थंडी तर अजून सरलीही नव्हती. गुलाब आता डोळे उघडत होते, आणि वेलीने मात्र आवरतं घ्यायला सुरुवात केली होती.

“पाणी कमी पडलं असेल,” नवरा नळी ओढत म्हणाला. मग कुंपणाच्या टोकाला जाऊन ओरडलाच, “अगं, इकडे तर शेंगाच शेंगा! रात्रीच्या भाजीची सोय झाली.”

“खाऊन बघा. विषारी असतात त्या. जाऊबाईंच्या शेजारचीच खाट मिळेल.”

बोलली खरी, पण लगबगीने तीही त्या टोकाशी गेली. ते टोक तिनंच राखून ठेवलं होतं. शेवटच्या घरची जुडी तिथल्या फुलांची व्हायची, आणि शेवटचं घर नणंदेचं. जाऊबाईंची गाडी वळते न वळते तोच नणंद चारचौघांत म्हणाली होती, “हिच्या हाती बाग? मग झालीच बाग!” तेव्हापासून धाकटी रोज एक दार आधीच मागे फिरायची. मनाला सांगायची, तेवढीच फुलं राहतील वेलीवर, जाऊबाई येतील तेव्हा कुंपण भरलेलं दिसेल.

“बी धरलं की वेलीला वाटतं, आपलं काम संपलं,” शेंगा तोडताना जाऊबाई नेहमी पुटपुटायच्या. “मग कितीही पाणी घाला, बाईसाहेब फुलायच्या नाहीत.” किती वेळा ऐकलं होतं तिनं हे. ऐकलं आणि सोडून दिलं. तिने राखलेल्या फुलांनीच आता शेंगा धरल्या होत्या.

“वहिनी येईपर्यंत सुधारेल का गं?” नवऱ्याने हळूच विचारलं.

“सुधारेल. सगळं खुडलं तर.”

तिने पदर खोचला, कात्री घेतली. आधी शेंगा उतरवल्या, मग फुलं. टोकाशी राखलेली सगळ्यात सुंदर, गडद जांभळी फुलं होती, तिथे हात क्षणभर थबकला. मग तीही खुडली. अर्धी उमललेली सुद्धा सोडली नाही. दोऱ्याने जुड्या बांधून तिने टोपलीत ठेवल्या आणि गडद जांभळी तेवढी हातात घेतली.

“ही कुणाची?”

“वन्संची. आज गल्लीच्या त्या टोकाकडून सुरुवात.”

नवऱ्याने नळ बंद केला. “ताईने तोंडावर दार लावलं तर?”

“पायरीवर ठेवून येईन. वेलीला परत थोडीच चिकटवता येतात?”

“आणि बाग कशी आहे म्हणून विचारलं तर? ती विचारणारच.”

धाकटीने जुडीचे देठ ओल्या फडक्यात गुंडाळले. गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली.

“सांगेन, तुमच्या वाटणीची फुलं ठेवून घेतली, म्हणून बाग सुकायला लागली होती.”

फाटकाची कडी तिने आवाज न करता काढली आणि टोपली कडेवर घेऊन ती चालू लागली. मागे कुंपण नुसतं हिरवं उभं होतं. त्यावर एकही फूल नव्हतं.