आगाऊ नोंदणीची वही

नववं नाव त्याने डाव्या हाताने लिहिलं, म्हणून ते वाकडंतिकडं आलं. ‘रात्रपाळीवाला, एक प्रत.’ शाई वाळेपर्यंत पुस्तकविक्रेता वहीकडे पाहत राहिला. वर ‘चष्मिस’ होता, ‘दोन वेण्या’ होती, ‘खारूताई’ होती, आणखी पाच जण होते. सगळ्यांच्या आधी, पहिल्या ओळीत, दुकानात नेहमी येणाऱ्या मुलीने स्वतः केलेली नोंद होती. तेवढी एकच खरी.

दहा प्रतींची आगाऊ नोंदणी असल्याशिवाय वितरक एवढ्याशा दुकानाला प्रकाशनाच्या दिवशी पुस्तक पाठवत नसे. ‘मीठडोंगराचे रक्षक’ या मालिकेचा सहावा आणि शेवटचा भाग शनिवारी येणार होता. चौथ्या आणि पाचव्या भागाच्या वेळीही त्याने हेच केलं होतं. त्या नऊ-नऊ प्रती मागच्या खोलीत पलंगाखाली होत्या.

ड्रॅगन, जादूगार, शापित तलवारी हे खातं खरं तर बायकोचं. तिसरा भाग तिने आणि मुलीने दुकानात स्टुलांवर समोरासमोर बसून, पानापानाला भांडत वाचला होता. “पोरासोरांची पुस्तकं!” असं म्हणून तो तेव्हा नाक मुरडायचा. मग बायको गेली. दोन महिने दुकान उघडलं नाही. एके दिवशी अर्ध्या उचललेल्या शटरखालून मुलगी वाकून आत आली.

“काका, चौथा भाग येतोय म्हणे. माझं नाव लिहून घ्या.”

त्या आठवड्यात त्याच्याशी बोललेलं ते पहिलं माणूस.

“आणखी कोण कोण वाचतं हो हे?” तिने विचारलं होतं.

कुणीच नाही, असं त्याच्याने सांगवेना. “आहेत की. पुष्कळ आहेत.”

पुष्कळांना काहीतरी बोलता यायला हवं, म्हणून त्याला ती पुस्तकं वाचावी लागली. मुलगी वहीच्या समासात एखादा प्रश्न लिहून जाई. आठवडाभरात नऊ जण उत्तरं देत. ‘एकपंखी ड्रॅगन परत येईल का?’ चष्मिसने ठणकावलं, ‘अशक्य. एका पंखावर कोण उडतं?’ खारूताईने खाली लिहिलं, ‘उडावं लागतं.’ मुलगी स्वतःचं मत कधी लिहीत नसे, फक्त विचारत असे. दुसऱ्याचा रसभंग न करण्याचा हा शहाणपणा त्याला आवडे. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावून डोळे शिणले, असं म्हणत ती संध्याकाळी येई आणि वहीतली ओळन् ओळ वाची.

आजवर प्रकाशनाच्या दिवशी ती काम सुटल्यावर येत असे, आणि तो सांगत असे, “सगळे सकाळीच घेऊन गेले.” या वेळी मात्र तिने बजावलं होतं, “शनिवारी मी रजा टाकलीय. दिवसभर इथंच बसणार.”

“कशाला गं?”

“कशाला म्हणजे? शेवटचा भाग आहे, काका.”



शनिवारी ती शटर उघडायच्या आधीच दारात उभी होती. हातात दुहेरी डबा होता. गल्ल्याशेजारी खाकी कागदातली दहा पुडकी रचलेली, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. तो प्रत्येक पुस्तक सुतळीने बांधून देई. ‘तुमची गाठ कात्रीशिवाय सुटायची नाही, आणि कापली की पुन्हा तशी बसायची नाही,’ असा टोमणा बायको मारत असे.

अकरा वाजले. बारा वाजले. दारात सावली पडली की त्याचा जीव खालीवर होई. एक गृहस्थ आत आले आणि म्हणाले, “डिंकाची बाटली आहे का?”

ते गेल्यावर मुलगी खुदकन हसली. “हे रात्रपाळीवाले नव्हेत ना?”

“छे! तो... तो उंच आहे.”

“झोपला असेल बिचारा. रात्रपाळीवाला तो.” तिने डबा उघडला. “या, जेवून घ्या. चष्मिस येईपर्यंत काय उपाशी राहायचं?”

ते जेवले. चार वाजले, सहा वाजले. नऊ पुडकी जागची हलली नाहीत. त्याने दोनदा घसा खाकरला. हे नऊ जण म्हणजे आपणच, हे कळल्यावर ती उठून जाईल आणि पुन्हा या पायरीवर पाऊल ठेवणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण तिला असं वाट पाहायला लावणं त्याहून वाईट होतं.

“पोरी, तुला एक सांगायचं होतं. ही जी माणसं आहेत ना...”

“नोकरीधंद्याची माणसं, काका. सवडीने नेतील.” तिने वही स्वतःकडे ओढली. “ते राहू द्या. याच लेखिकेची नवी मालिका येतेय, वाचलंत का? पहिला भाग थंडीत. माझं नाव आत्ताच लिहून ठेवते. बाकीच्यांनाही कळवा.”

त्याने पेन तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, “कळवतो की. खारूताई तर उड्या मारील.”

तिने आपलं पुडकं उचलून पिशवीत ठेवलं.

“उघडून तरी बघ. मुखपृष्ठ फार देखणं केलंय.”

“घरी गेल्यावर,” ती नेहमीसारखंच म्हणाली.

तिची खोली दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर होती. दिवा लावून तिने फडताळ उघडलं. पहिल्या तीन भागांचे कणे मोडले होते, पानांचे कोपरे दुमडून दुमडून मऊ पडले होते. त्यांच्या शेजारी चौथ्या आणि पाचव्या भागांची खाकी कागदातली दोन पुडकी होती, तशीच बांधलेली. तिने तिसरं त्यांना टेकवून ठेवलं. सुतळीच्या तिन्ही गाठी एका ओळीत आल्या.