दोन वाजायच्या आत

चौथा चहा झाला तरी येसेनच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात एक चाळीस झाले होते. दोनला गाडी येणार होती, दाउरेनला घेऊन. दाउरेन म्हणजे कुल्यानचा एकुलता एक. परवा कोळशाच्या खाणीत कोसळलेल्या छताखाली सापडून मेला. गावाच्या टोकाला चाळीस माणसं गाड्या बंद करून थांबली होती. आईला बातमी सांगितली की तीच माणसं "बाउरिम, माझ्या भावा!" असा टाहो फोडत घराकडे धावणार. आधी सांगायचं, मग रडायचं, ही रीत. न सांगता पोराचं प्रेत आईच्या दारात उतरवायचं म्हणजे तिला जिवंत सोलायचं. खाणीचा साहेबही येत होता, पण प्रेताच्या गाडीमागं किलोमीटरभर अंतर राखून. बायकांचं रडणं ओसरलं की तो उतरणार. छत पंधरा दिवस कुरकुरतंय, हे त्याला तीनदा सांगून झालं होतं.

निरोप द्यायला दोघांना धाडलं होतं. ओराझाली म्हाताऱ्याला, कारण त्याला गोड बोलता येतं. आणि येसेनला, कारण शेवटच्या क्षणी दाउरेनजवळ तोच होता.

"घे की रे, ताजे तळलेत." कुल्याननं बाऊरसाकची ताटली पुढं सरकवली. "दाउरेन सांगतो, पोरगी बघायला गेलास तिथंही असाच बसला होतास. पोरीच्या आईला वाटलं, मुका गळ्यात मारतायत."

ती हसली. हसताना तिनं दोघांपैकी कुणाच्याही तोंडाकडं बघितलं नाही. कामाच्या दिवशी दोन बाप्ये मान खाली घालून दारात आले की काय समजायचं, हे या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. पण कुणी बोलत नाही तोवर पोरगा जिवंत. म्हणून तीच बोलत राहिली होती.

ओराझालीनं घसा खाकरला. "कुल्यान, ससाण्याला किती जपलं तरी एक दिवस तो मुठीवरून उडतो, आणि—"

"ससाणे कुठले आता, आजोबा! कावळे माजलेत नुसते. काल कोंबडीची दोन पिल्लं नेली."

"तसं नव्हे गं. मी म्हणतो, जातिवंत घोडासुद्धा—"

"घोड्याचं तर नावच काढू नका. नाल ठोकायला माणूस मिळत नाही. दाउरेन आला की त्यालाच बसवते कामाला."

म्हाताऱ्यानं पेल्यात तोंड घातलं. सात गावांत ज्याच्या जिभेचं कौतुक, त्याचीही फाटली होती. त्यानं येसेनला कोपर मारलं.

येसेननं तोंड उघडायला बघितलं. जबडा हलेना. गुडघ्यांखालचे पाय तर त्याचे नव्हतेच. परवाही हेच झालं होतं. डोक्यावर टेकू कडाडला, माती गळायला लागली, बाकीचे ओरडत पळाले, आणि हा जागच्या जागी. पुढं धावू की भिंतीला चिकटू, भिंतीला चिकटू की पुढं धावू. ससासुद्धा भ्याला की पळतो. हा खुंटासारखा उभा राहिला.

एक पन्नास.

"अजून एक ओतू?"

"नको, आपा."

एवढं तरी निघालं. त्या दोन शब्दांची शेपटी धरून त्यानं बाकीचे ओढून काढले.

"आपा, दाउरेन गेला. परवा. छत बसलं."

कुल्यानच्या हातातली चहादाणी हवेत तशीच राहिली. ओराझालीनं सुटकेचा श्वास टाकला आणि खिशातला फोन काढून वेशीवरच्यांना लावला. "झालं सांगून. या." मग येसेनकडं वळून हळूच म्हणाला, "पुरे आता."

येसेन थांबला नाही. थांबला असता तर जन्मात पुन्हा बोलला नसता.

"तो बाहेर पडला होता, आपा. सगळेच पडले होते. मी आत राहिलो. पाय हलेनात माझे. तो पळ, पळ म्हणून ओरडला. तरी हलेनात. मग तो परत आत आला. माझ्या मागं गेला आणि मला ढकललं. मी बाहेर येऊन पडलो. तो नाही आला."

"गाढवा!" म्हातारा फिस्कारला. "एवढं सांगायला कुणी सांगितलं होतं तुला? आईला सांगतात हे?"

"मग कुणाला सांगू?"

ओराझालीनं फोन पुन्हा खिशात कोंबला.

कुल्याननं चहादाणी खाली ठेवली. फार जपून ठेवली.

"कुठं ढकललं?"

"बोगद्याच्या तोंडाकडं, आपा. तिथून दहा पावलांवर—"

"ते नव्हे. तुला कुठं हात लावला त्यानं?"

येसेन तिच्याकडं पाठ करून बसला आणि त्यानं शर्ट मानेपर्यंत वर ओढला. पाठीवर काय आहे ते त्यानं स्वतःही बघितलं नव्हतं. दोन दिवस नुसतं दुखत होतं.

बाहेर गाड्यांची दारं आपटली. चाळीस गळ्यांतून एकदम टाहो उठला, "बाउरिम!" खिडकीच्या काचा थरथरल्या. ओराझाली भिंतीला धरून उठला आणि दार उघडायला गेला.

कुल्यान उठली नाही. येसेनला पाठीवर तिचा तळवा लागला, गार. मग एकेक बोट. पाच बोटांच्या काळ्यानिळ्या डागावर ती आपली बोटं पसरत होती, पुन्हा उचलून पुन्हा पसरत होती.

"माझी पुरत नाहीत," ती म्हणाली.