अकरावं गाणं

भैयाजी मास्तरांनी अकरावं गाणं लावलं आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

पर्लकोटा नदीचं पाणी तीन दिवसांपासून पुलावर होतं. भामरागडात वीज नव्हती, मोबाइलचा टॉवर बंद होता. सीडी वाजवायची लहानशी मशीन तेवढी सेलवर चालायची. सेल जपायचे म्हणून गाणं संपलं रे संपलं की मास्तर बटण दाबत.

मशीन लेकीनं, रिनानं पाठवली होती, इंग्लंडातून. तिथल्या दवाखान्यात ती नर्स होती. सोबत तिथल्याच एका बँडच्या चार सीड्या, जुन्या बाजारातून घेतलेल्या. मास्तरांनी आश्रमशाळेच्या ग्रंथालयात जन्मभर जे केलं तेच इथंही केलं. प्रत्येक डबीला खाकी कव्हर घातलं, वर क्रमांक टाकला, मागची गाण्यांची यादी कव्हरावर सुबक अक्षरात उतरवली. चौथ्या डबीत चिठ्ठी निघाली होती. 'बाबा, यातलं शेवटचं गाणं तुमच्यासाठी.'

यादीत शेवटचं होतं ते अकरावं.

आधी ड्रम, मग गिटारी, आणि त्या कल्लोळात माणूस ओरडायला लागला. मांडीवर शब्दकोश घेऊन मास्तरांनी एकेक शब्द कधीच लावून ठेवला होता. तू मला अडवलंस, तो म्हणत होता. आता दार लावून घे. मी परत यायचा नाही.

रिना जायला निघाली तेव्हा मास्तर आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. ती पाया पडली तेव्हाही ते पुस्तकाच्या पाठीला डिंक लावत बसले होते. त्याचं हे उत्तर. दुसरं काय असणार? दर रविवारी ती फोनवर विचारायची, "बाबा, ऐकलं का शेवटचं?" "ऐकलं," एवढं म्हणून ते फोन बायकोच्या, रुखमाबाईंच्या हातात देऊन टाकायचे.

"अवो, आयकता का?" बाहेरून रुखमाबाईंची हाक आली. "पाणी गोठ्यापाशी आलं! लाकडं उचला न, सारी भिजून राह्यली!"

ओरडणं संपतच आलं होतं. मास्तर तसेच उठून गेले. बटण दाबायचं राहून गेलं.

गोठा ते ओसरी अशा सात-आठ फेऱ्या झाल्या. गुडघे बोलायला लागले. शेवटची मोळी घेऊन ते ओसरीवर चढले तेव्हा रुखमाबाई चुलीपासून उठून आल्या आणि त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"तुमी इथी?"

"मंग कुठी राहू? तूच त धाडलं."

"मंग आत कोन गुणगुणून राह्यलं? मले वाटलं तुमीच होय. पुस्तकं चिपकवतानी करता न, तसं."

मोळी टाकून मास्तर दाराशी गेले. खोलीत कोणी नव्हतं. मशीनचा लाल दिवा लागलेला होता.

गाणारा माणूस तोच होता, पण ओरडत नव्हता. ड्रम नाही, शब्द नाहीत. एक गिटार आणि स्वतःशीच गुणगुणणं. मध्येच खुर्ची करकरली. कोणीतरी खोकललं, तरी तो थांबला नाही. हात कामात असलेला माणूस गुणगुणतो, तसं चाललं होतं.

मास्तरांनी डबी उचलली. कव्हरावर अकराच गाणी. त्यांनी खाकी कागद टराटरा फाडला. आजवर एकही कव्हर त्यांनी असं फाडलं नव्हतं. खालच्या छापील यादीतही अकराच. म्हणजे अकरावं संपल्यावर मशीन दहा मिनिटं तरी गप्प होती, आणि मग हे आलं होतं, यादीत नसलेलं, खरं शेवटचं. आणि आपण दर वेळी सेल वाचवत आलो.

ते खाली बसले. डिंकाची वाटी दोन्ही हातांनी धरून रिना अशीच शेजारी बसायची. सांडशील, हलू नको म्हटलं तरी त्यांच्या गुणगुणण्यावर मान डोलवायची.

खुर्ची पुन्हा करकरली. गाणं थांबलं.

मास्तरांनी फळीवरचा फोन घेतला, रिनाचा नंबर दाबला आणि कानाला लावला.

"अवो, तीन दिसांपासून टावर बंद हाय," रुखमाबाई दारातून म्हणाल्या. "काई आयकू येनार नाई त्याच्यात. ठेवा तो."

मास्तरांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला, आणि ओठांवर बोट ठेवलं.