केशरी रिबिनींची वाट

अरवलीचं जंगल वाचवण्यासाठीची दौड काल झाली. वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या केशरी रिबिनी आज चेतना सोडत होती. ती वाट तिनेच आखली होती. जंगलात चिंधीही मागे ठेवायची नाही, हा नियमही तिचाच. नवऱ्याने, धैर्यशीलने, एवढंच सुचवलं होतं: “चढ टाळ. ॲम्ब्युलन्स जाईल एवढी रुंदी ठेव.” वळणावर जमिनीची मोजणी करणाऱ्या माणसाने तिला अडवलं. “मॅडम, रिबन मत खोलिए. रिसॉर्ट की सड़क यहीं से जाएगी.” त्याच्या हातात तिनेच काढलेला मूळ नकाशा होता. या वळणापाशी तिने लिहिलं होतं, ‘इथे लांडोर अंड्यांवर बसलीय, हळू पळा.’ ती ओळ हिरव्या शाईने खोडलेली होती. शाई ओळखीची होती. धैर्यशील राजपत्रित अधिकारी झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या सहीसाठी हिरव्या शाईचं पेन तिनेच करोल बागेतून आणलं होतं.