सहावी जागा

"बाबा, तुमचा वर्गातला साखळीचा खेळ आठवतो?" दवाखान्यात कण्हणाऱ्या चार वर्षांच्या लेकीचे पाय चोळत उत्पलानं विचारलं.

वडील विज्ञानाचे सर. मुलांना हातात हात देऊन ओळीत उभं करायचे. प्रत्येक मूल म्हणजे एक अमिनो आम्ल, आख्खी ओळ म्हणजे रक्तातलं प्रथिन. दोन हात जुळले की सर पाण्याचा थेंब उडवायचे, कारण जोडणी होताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो. मग सहाव्या जागेवरचं मूल बदलायचे. "एवढ्यानं रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. हाच सिकलसेल. दोष आईबाप दोघांकडून आला, की लेकरू जन्मभर भोगतं."

"लग्नाआधी माझं रक्त तपासलं होतं, बाबा. रिपोर्ट चांगला आहे, म्हणालात."

सरांनी नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "स्थळ हातचं गेलं असतं, बाई."

"आम्हीही पोराचा रिपोर्ट दडवला होता," दाराशी उभे असलेले तिचे सासरे पुटपुटले. "लग्न मोडलं असतं."

लेक पुन्हा किंचाळली. उत्पलानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"मग धरा की आता एकमेकांचे हात."