काचेतलं पोळं

"पेटीच्या दाराला जाळी कोणी लावली?" आईने आल्या आल्या विचारलं.

"मीच. पाहुण्यांना चावल्या म्हणजे? तू आधी बस तरी. पाणी पी."

"मला नको पाणी. त्यांना कुठाय पाणी?"

कलादालनाच्या मधोमध पांढऱ्या चौथऱ्यावर काचेची पेटी होती आणि तिच्यात आईच्या मधमाश्या. अकरा पेट्यांतली उन्हाळ्यातून वाचलेली ही एकच. चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी म्हणून मुलाने मागून नेली होती. वर मोठे दिवे. पाटीवर बरंच काही छापलं होतं. आईला कळलं ते एवढंच, की तापत्या पृथ्वीची गोष्ट सांगायला दिव्यांची आच रोज थोडी वाढवायची, आणि आज सगळ्यात जास्त. दालन मात्र एसीने गारठलेलं. आत बसवलेल्या माइकमुळे माश्यांची गुणगुण चारी भिंतींतून येत होती आणि लोक मोठ्या गवयापुढे बसल्यासारखे डोळे मिटून माना डोलवत होते.

आई वाकली. जाळीपाशी शे-दोनशे माश्या पाय रोवून उभ्या होत्या. डोकी खाली, पंख वेगाने हलून दिसेनासे झालेले.

"दिवे बंद कर."

"हळू बोल गं. ऐक ना, कशा गातायत."

"गातायत?"

"तूच सांगायचीस की. दुपारी उकडायचं, मी रडायचो, मग तू मला पेटीपाशी घेऊन बसायचीस. ऐक म्हणायचीस, माश्या गातायत. त्यावरूनच तर हे सगळं सुचलं मला."



"तू गप्प बसावंस म्हणून सांगायचे रे," ती म्हणाली. "उकाड्याने जीव जायला लागला की पोळ्याला वारा घालतात त्या. बाहेरून पाणी आणून शिंपडतात. तू तर दारच बुजवलंस. गातायत कसल्या, धापा टाकतायत!"

मुलाचा चेहरा उतरला. दिव्यांचा रिमोट त्याच्याच खिशात होता. हात तिकडे गेलाही. तेवढ्यात दालनाच्या व्यवस्थापकबाई लगबगीने आल्या. "चला, प्रमुख पाहुणे आले. आई, तुम्ही पुढे बसा हं, फोटो काढायचाय."

"भाषण झालं की लगेच बंद करतो," मुलगा आईच्या कानाशी म्हणाला. "दहा मिनिटं. तुझी शपथ."

"वितळणारं मेण भाषणासाठी थांबणारे का?"

तो गेला. आईने पिशवीतली बाटली काढली, रुमाल भिजवला आणि जाळीवर धरला. आतून माश्या त्यावर तुटून पडल्या. दोन मुलींनी फोन काढले.

"हाही कार्यक्रमातच आहे का?" एकीने विचारलं.

रखवालदाराने आईचा हात बाजूला केला. "मावशी, हात लावायचा नाही. पाटी वाचा."

"वाचली. आता तू माश्यांना वाचून दाखव. म्हणजे मरायच्या थांबतील."

पाहुणे पृथ्वीविषयी बोलायला लागले. चांगलं बोलत होते. पेटीत काहीतरी निसटून धपकन पडलं, तो आवाज कर्ण्यांतून एवढा मोठा आला की पाहुणे वाक्य अर्धं टाकून थांबले. मेण मऊ पडून मधलं पोळं सुटलं होतं, अळ्या आणि माश्या अंगाखाली घेऊन तळाशी बसलं होतं. गुणगुण तुटक झाली. जाळीतून मध बाहेर आला आणि चौथऱ्यावरून ओघळू लागला.

मुलाने रिमोट दाबला. दिवे विझले. लोकांना वाटलं, असंच ठरलेलं असणार. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पाहुणे पुढे झाले. मधाला बोट लावून त्यांनी चाटलं. "वा! अस्सल आहे हो! अहो कलाकार, तुम्ही नाही चाखलात अजून?"

सगळे हसले. कॅमेरे मुलाकडे वळले. तो आईकडे बघत राहिला. आई त्याच्याकडे.

मग त्याने चौथऱ्यावरून बोट फिरवलं, तोंडात घातलं.

"गोड आहे," तो म्हणाला.